एकाचं बटण

"मारुतीराव, रोज चुका तुम्हीच धरता. मग सांगा की, जयाबाई चुकत्यात कुठं?"

बेळगावच्या खासबागेतून प्रोग्राम दुरुस्त करायला आलेले आण्णाप्पा कॉम्प्युटरसमोर बसून विचारत होते. मारुतीरावांनी कानामागची तांबडी पेन्सिल काढली आणि उगीच तासायला घेतली. निपाणीच्या या तंबाखूच्या वखारीत तीस वर्षं वजनांचे आकडे तपासलेला हा माणूस. त्यांना उत्तर पाठ होतं.

वजनं टाइप करणाऱ्या जयाबाईंचा हात जुन्या टाइपरायटरवर बसलेला. त्याला एकाच्या आकड्याचं बटणच नव्हतं. इंग्रजी लहान एल मारला की कागदावर एक उमटायचा. पंच्याऐंशी साली कॉम्प्युटर आला, त्याला एकाचं वेगळं बटण होतं, पण जित्याची खोड ती. बाई एलच मारायच्या, आणि ते मशीन अक्षर दिसलं की तिथंच थांबायचं. एकेचाळीस किलोचा तंबाखूचा गच्च बांधलेला बोद चार किलोचा होऊन कागदावर यायचा.

मग रोज चारच्या सुमाराला मारुतीराव तो कागद घेऊन त्यांच्या टेबलाशी जायचे.

"जयाबाई, ह्यो बोद लईच वाळला जणू."

बाई हसायच्या आणि आपल्यातला अर्धा चहा बशीत ओतून पुढं सरकवायच्या. लग्नाचं वय आंधळ्या आईच्या सेवेत गेलेल्या मारुतीरावांना दिवसाकाठी तेवढंच सुख होतं. जयाबाई विधवा, आणि लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? हातात चुकीचा कागद असल्याशिवाय त्या टेबलाशी जायची सोय नव्हती.

पण आज सकाळीच साहेबांनी बजावलं होतं, सोमवारपर्यंत चुका थांबल्या नाहीत तर त्या खुर्चीत दुसरं माणूस बसेल.

मारुतीरावांनी पेन्सिल खाली ठेवली.

"बोटं चुकत्यात, बाई न्हाय चुकत," ते म्हणाले. "एकाच्या जागी एल पडतोय. तुमच्या मशीनला सांगा, आकड्यात अक्षर आलं तर घिऊ नगं. परत इच्यार म्हणावं."

"एवढंच व्हय?"

आण्णाप्पांनी तासाभरात प्रोग्राम बदलला. आता अक्षर पडलं की मशीन पीं करून ओरडायचं आणि नुसता आकडा येईपर्यंत तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायचं.

पहिल्या दिवशी वखारीत नुसतं पींपीं चाललं होतं. शनिवारपर्यंत ते थांबलं. बाईंची खुर्ची वाचली, कागद बिनचूक येऊ लागले आणि तांबडी पेन्सिल झिजेनाशी झाली.

"तुमची पायपीट वाचली बघा," संध्याकाळी दारात जयाबाई म्हणाल्या.

"व्हय. लई बरं झालं," मारुतीराव म्हणाले. घरी पोचेपर्यंत त्यांना स्वतःचा राग येत राहिला.

सोमवारी दिवसभरात एकही चूक झाली नव्हती. चारच्या ठोक्याला मात्र मशीन एकदाच पीं करून ओरडलं. मारुतीरावांनी मान वर केली. जयाबाई पडद्याकडेच बघत होत्या. बोट एलवरून एकावर गेलं आणि काम पुढं सुरू झालं. मंगळवारी चारला तसंच झालं. बुधवारीही.

गुरुवारी मारुतीरावांनी पावणेचारलाच हातातलं काम बाजूला सारलं, चहा बशीत ओतून घेतला, आणि न पिता कान देऊन बसून राहिले.