खाऱ्या पाण्यात न गंजणारा सुरा

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा आम्हाला सगळंच हवं होतं. उस्मानाबादच्या पदराखालून बाहेर पडलो म्हटल्यावर जे जे जिल्ह्याला असतं ते ते आपल्याला मिळालं पाहिजे, या एका गोष्टीवर शहरातल्या सगळ्या पार्ट्यांचं एकमत होतं. लागतं का, हे कुणी विचारायचं नाही. विचारणारा जिल्हाद्रोही.

मी ज्या ऑफिसात भांडारपाल होतो त्याचं नाव सांगत नाही. ते ऑफिस आता नाही आणि तिथले लोक पेन्शनीत सुखी आहेत. तर नव्या ऑफिसला किती माणसं लागतील हे ठरवायला वरच्या कुणीतरी एका जुन्या जिल्ह्याचा तक्ता उचलला आणि जसाच्या तसा आमच्यावर चिकटवला. तो जिल्हा कोकणातला होता. त्यामुळे आमच्या वाट्याला शिपाई, टंकलेखक, ड्रायव्हर यांच्याबरोबर एक पाणबुडे पथकही आलं. साहेब पुण्याचे होते. मी त्यांना म्हटलं, ‘‘साहेब, इथं बुडायला पाणी कुठाय?’’ साहेब म्हणाले, ‘‘नरसिंगराव, मंजूर झालेलं पद एकदा परत केलं की जन्मात पुन्हा मिळत नाही.’’ तेव्हा मांजरा नदीच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळत होती आणि चेंडू हरवला तर वाळूत शोधत होती.

पथकाचा प्रमुख म्हणून गुंडप्पा आला. उदगीरच्या अडत्याचा मुलगा. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, अंगावर इस्त्रीचा शर्ट आणि बोलायला अतिशय गोड. मुलाखतीत ‘पोहता येतं का’ असं विचारल्यावर ‘येतं की’ म्हणाला. सगळेच म्हणाले होते. चाचणी घ्यायची म्हणून मंडळी ऑफिसमागच्या विहिरीवर गेली, तर तळाला दोन बेडूक आणि एक फुटका माठ. ‘चाचणी पावसाळ्यानंतर घ्यावी’ असा शेरा मारून त्याला रुजू करून घेतलं.

रुजू झाल्यावर थोड्याच दिवसांत चहाच्या टपरीवर त्याने मला बाजूला घेतलं.

‘‘नरसिंगराव, तुमच्यापासून काय लपवावं. मला पोहता येत न्हाई.’’

‘‘थोडंसुद्धा?’’

‘‘पाणी कमरंच्या वर आलं की माझा जीव जातो. लहानपणी पार्वतीच्या देवळाम्होरल्या बारवेत पाय घसरला होता. तवापासून मी आंघोळपण तांब्यानंच करतो.’’

‘‘मग हे झेपणार कसं?’’

‘‘पाऊस येईस्तोवर झेपतंय की,’’ तो म्हणाला. ‘‘पण नोकरी गेली तर उदगीरला तोंड दाखवता येणार न्हाई. समदी अडत लाईन मला ‘दर्यावाले’ म्हणायली. सासऱ्यानं जावई दर्यात काम करतो म्हणून पेढे वाटले.’’

मला त्याचा राग आला. सगळा जिल्हा आभाळाकडे बघून ढगांची भीक मागत होता आणि हा एकटा ढग दिसला की घामाघूम व्हायचा. पण राग धरावा असा तो माणूस नव्हता. दुसऱ्याच दिवशी त्याने घरून माझ्यासाठी शेंगदाण्याची पोळी आणली, आणि माझं तोंड बंद झालं.

पथकाचं सामान मुंबईहून परस्पर आलं. रबराचे अंगरखे, काचेचे चष्मे, पायात घालायचे बदकासारखे पंजे आणि मासे मारायचा एक भाला. हा भाला का आला ते कुणालाच कळलं नाही. फक्त एक वस्तू आली नाही. पाणबुड्याचा सुरा. तो ‘स्थानिक पातळीवर पारखून घ्यावा, खाऱ्या पाण्यात गंजणारा नसावा’ अशी सूचना होती. सुऱ्याशिवाय पथक पूर्ण होत नाही, पथक पूर्ण झाल्याशिवाय प्रात्यक्षिक होत नाही, आणि प्रात्यक्षिक झाल्याशिवाय गुंडप्पाला पाण्यात उतरावं लागत नाही. हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा त्याचा चेहरा खुलला. त्या दिवसापासून त्या ऑफिसात गुंडप्पाइतका कामसू माणूस दुसरा नव्हता.

तो मला घेऊन नांदेडला गेला. गुरुद्वाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर खाजामियाँचं दुकान होतं. किरपाणी, कात्र्या, अडकित्ते, सुऱ्या. पात्यावर बोट फिरवून गिऱ्हाइकाकडे बघायची त्यांना सवय होती. गुंडप्पाने त्यांना सामानाबरोबर आलेल्या पुस्तकात बघून सगळं समजावलं. मासा भाल्याने टोचला की तो तडफडतो, त्याला चटकन मारायला सुरा लागतो. जाळ्यात पाय अडकला तर जाळं कापायला लागतो.

खाजामियाँनी शांतपणे ऐकलं. ‘‘साब, गोदावरी की मछली इस साल उंगली के बराबर रह गई. उसकू ये छुरा दिखाए तो वो शरम से मर जाती.’’

तरी त्यांनी मुंबईच्या नातेवाइकाकडून तीन नमुने मागवून दिले. पहिला साध्या पोलादाचा. धार अशी की कागद हवेत कापावा, पण ओला ठेवला की रात्रीत तांबेरा चढणार. दुसरा स्टेनलेसचा. तो गंजायला वेळ घेतो, पण त्याची धार लवकर जाते. तिसरा टायटॅनियम नावाच्या धातूचा. हातात घेतला तर पोकळ वाटावा इतका हलका, आणि समुद्रात वर्षभर ठेवला तरी त्याला काही होत नाही म्हणे. किंमत ऐकून मी तो काउंटरवर हळूच ठेवून दिला.

कुणीही शहाणा माणूस तिथल्या तिथे एक सुरा उचलून मोकळा झाला असता. गुंडप्पाने तिन्ही नमुने लातूरला आणले आणि टोकाचा प्रश्न काढला. टोक अणकुचीदार हवं की बोथट? अणकुचीदार टोक माशाला बरं, पण घाबरलेल्या माणसाच्या हाती ते स्वतःच्याच मांडीत जातं. बोथट टोकाने खडकातून काही उचकटता येतं, पण मासा मरत नाही. यावर दोन बैठका झाल्या. मग दात्यांचा प्रश्न. करवतीसारखे दाते एका बाजूला हवेत की दोन्ही? मग म्यान पोटरीला बांधायचं की दंडाला? साहेब आधी कौतुकाने ऐकायचे. पुढे पुढे ते बैठकीत पेपर वाचू लागले.

‘‘सुरा माशावर चालवून बघा आणि संपवा,’’ एकदा साहेब वैतागून म्हणाले.

आता गुंडप्पाच्या घरात अंड्याचं नावसुद्धा घेत नसत. त्याने कानाला हात लावला. मी मासा आणतो म्हटलं, तर तो ऑफिसात आणायलाही त्याची तयारी नव्हती, कारण गुरुवारी तिथे आरती व्हायची. शेवटी बाजारातून एक लांबडा दुधी भोपळा आणला. साहेबांच्या टेबलावर तो आडवा ठेवला. गुंडप्पाने लांबून भाला मारला, तो भिंतीवरच्या कॅलेंडरला लागला. दुसऱ्यांदा मारला तो दुधीला लागला. मग तिन्ही सुऱ्यांनी दुधी आळीपाळीने कापला. तिन्ही सुरे उत्तम चालले. अहवालात ‘जलचराच्या समकक्ष मऊपणाच्या वस्तूवर’ असं लिहिलं, आणि दुधी मी घरी नेला. भाजी बरी झाली.

राहिला गंजाचा प्रश्न. खाऱ्या पाण्यात तिन्ही सुरे महिनाभर बुडवून ठेवायचे ठरले. तेव्हा शहरात नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, तेही यायचं म्हणून यायचं. ऑफिसच्या माठातलं पाणी काढून एक घमेलं भरलं आणि त्यात बचकभर मीठ टाकलं. स्टाफ दिवसभर कोरड्या घशाने काम करत होता आणि पाणी पीत होते सुरे. टंकलेखक बाईंनी माझ्यासमोर गुंडप्पाला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्या बरोबर होत्या.

चार दिवसांनी घमेलं कोरडं. पुन्हा भरलं, पुन्हा कोरडं. ऑफिसच्या आवारात राखणदाराचा एक देवणी जातीचा गोऱ्हा बांधलेला असायचा, पांढरा, काळ्या ठिपक्यांचा, मोठा देखणा. छावणीतून आणलेला कडबा खाऊन खाऊन त्याचं तोंड मिठाला आसुसलं होतं. दोर सैल करून तो रोज यायचा, सुरे नाकाने बाजूला सारायचा आणि घमेलं चाटून पुसून स्वच्छ करायचा. सुरे त्या महिन्यात ओले असे फारच थोडा वेळ होते. ‘एकाही नमुन्यावर गंज आढळला नाही, सबब चाचणी पुन्हा घ्यावी,’ असं गुंडप्पाने अत्यंत आनंदाने लिहिलं.

चाचणी पुन्हा झाली नाही. दुष्काळाची पाहणी करायला मुंबईहून एक बडे पाहुणे येणार असं ठरलं. नव्या जिल्ह्याची तयारी त्यांना दिसली पाहिजे. साहेबांनी बैठकीत तिन्ही सुरे समोर ओढले, टायटॅनियमचा, बोथट टोकाचा उचलला आणि म्हणाले, ‘‘हा. गुंडप्पा, पाहुण्यांसमोर बुडी मारायची.’’

 गुंडप्पाने ताप आला म्हणून बघितलं, साहेबांनी डॉक्टर पाठवला. सासू आजारी पाडली, ती दुसऱ्या दिवशी स्वतः भेटायला आली. मला म्हणाला, ‘‘नरसिंगराव, दोर माझ्या कमरंला बांधा, आन् तुम्ही धरा. दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नका.’’ मी हो म्हटलं. मला खरंच भीती वाटू लागली.

प्रश्न पाण्याचा होता. देवणीच्या वाटेवर एका गावात एक सरकारी विहीर अजून जिवंत होती. आसपासच्या वाड्या तिच्यावर आणि दर दिवसाच्या टँकरवर तगून होत्या. ती विहीर बुडी मारण्याइतकी भरावी म्हणून साहेबांनी तिथला उपसा दोन दिवस बंद केला आणि काठावर पोलीस बसवला. टँकरही त्याच विहिरीवर भरायचा, म्हणून तोही बंद. पाहुण्यांना दुष्काळ दाखवायचा तर पाणीही दाखवलं पाहिजे, असा काहीतरी विचार असावा. मला तो तेव्हाही कळला नाही.

गुंडप्पा आणि मी जीपने पोचलो तर पोलीस लिंबाखाली पाय पसरून बसला होता आणि विहिरीच्या काठावर बायाच बाया. पोहरे खाली, दोर एकमेकांत गुंतलेले. त्यांच्या म्होरक्या कोंडाबाईने पोलिसाला सरळ सांगितलं होतं, आम्हाला मार नाहीतर गप बस. त्याला दुसरी गोष्ट सोपी वाटली. विहिरीत वाकून बघितलं तर तळाला गुडघाभर पाणी चमकत होतं. गुंडप्पाने ते बघितलं आणि पहिल्यांदा मनापासून शंभोचं नाव घेतलं.

पण पाहुण्यांबरोबर येणाऱ्या साहेबांना कळवायला वेळ नव्हता. पाहुण्यांच्या गाड्यांची धूळ दिसू लागली होती. ‘‘उतरतो मी,’’ गुंडप्पा म्हणाला. त्या रबरी अंगरख्यात, पोटरीला सुरा बांधून, बदकाचे पंजे काखेत धरून तो लोखंडी कड्यांवरून खाली गेला. मी वर दोर धरून उभा.

तळाला पोचला तर दोरांचं जाळंच त्याच्या गळ्यात पडलं. पुस्तकात लिहिलं होतं, गुंता झाला की कापा. त्याने सुरा काढला.

‘‘दोराला हात लावशील तर तिथंच ठेवीन तुला,’’ कोंडाबाई वरून म्हणाली. ‘‘खाली गेलाच हायस तर काम कर. कडंला झिरा हाय, तो उकर.’’

त्याने सुऱ्याच्या बोथट टोकाने कपारीतला गाळ उकरायला सुरुवात केली. गाळ निघाला तसं पाण्याची धार जराशी जाड झाली. कोणीतरी वाटी सोडली. गुंडप्पा वाटीने पोहरे भरू लागला. एक वर गेला की दुसरा खाली. मला वरून त्याच्या डोक्याचा मधला विरळ भाग दिसत होता, आणि तो गुणगुणत होता.

एवढ्यात साहेब आणि पाहुणे काठावर आले. पाहुण्यांनी वाकून विचारलं, ‘‘केवढे खोल गेलेत?’’

‘‘चांगलेच खोल,’’ साहेब म्हणाले. ते खरंच होतं, विहीर खोल होती. मग त्यांनी खाली ओरडून सांगितलं, ‘‘गुंडप्पा, बुडी मारा. पाहुणे बघताहेत.’’

गुंडप्पाने मान वर केली. त्याला वरती गोल दिसत असणार, त्यात साहेब, पाहुणे, मी आणि सगळ्या बाया. त्याने वाटी कपारीत ठेवली. मग इतके महिने पोटात धरलेलं ते त्याच्या तोंडून आलं, आणि विहिरीमुळे ते दुप्पट मोठ्याने वर आलं.

‘‘साहेब, मला पोहता येत न्हाई.’’

साहेबांचा चेहरा पडला. पाहुण्यांनी त्यांच्याकडे बघितलं.  गेली याची नोकरी, असं माझ्या मनात आलं.

कोंडाबाईने साहेबांना हाताने थोडं बाजूला केलं आणि विहिरीत वाकली.

‘‘पोहण्याएवढं पाणी असतं तर तुला इथं उतरू कोण देणार होतं?’’ ती म्हणाली. ‘‘माझा पोहरा रिकामाच हाय. भर.’’

पाहुणे गाडीकडे वळले, साहेब त्यांच्यामागून चालले. गुंडप्पाने वाटी उचलली आणि तिचा पोहरा भरायला घेतला.