पापुद्रा उभा ठेवा

मित्रांनो, मी एक जुना मायक्रोस्कोप आहे. माझी कहाणी सांगण्याजोगी आहे की नाही, याची मला अजूनही खात्री नाही. मी रोग बरा केला नाही, कुणाला औषध दिले नाही. पण जे पाहिले ते पाहून मी इतका थक्क झालो आहे, की गप्प राहणेही बरे वाटत नाही.

माझी भिंगे एका बाईने घासली. सबंध दिवसात तिचे एकच भिंग पुरे होई. ते उजेडाकडे धरून ती एक डोळा मिटायची आणि बहुतेक वेळा मान हलवून पुन्हा घासायला घ्यायची. पुढे एका खोक्यात बसून मी या रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावर आलो. इथे वितळलेल्या मेणाचा वास असतो आणि फळीवर झाकणाच्या बाटल्या असतात. शरीरातून काढलेला तुकडा मेणात बसवतात, त्याचा केसाहून पातळ काप काढतात, तो गुलाबी-जांभळा रंगवतात आणि काचेवर माझ्याखाली ठेवतात. दिवा लागला की आत एक सबंध गाव उजळते. हजारो वेळा पाहिले, तरी दर वेळी ते नवेच वाटते.

सर्वांत नवल मला जबड्यातल्या सिस्टचे वाटते. एखादी दाढ हाडातच अडकून राहते. तिच्या माथ्याभोवती पापुद्र्यासारखी पिशवी, म्हणजे सिस्ट, तयार होते आणि तिच्यात पाणी साठते. दुखत नाही, खुपत नाही. हाड आतून पोकळ होत जाते आणि माणूस मजेत जेवत असतो! या पिशव्या जवळजवळ सगळ्या निरुपद्रवी असतात. फार फार क्वचित मात्र एखादीच्या अस्तरात, कुठल्याशा कोपऱ्यात, कर्करोग जागा होतो.

काप काढण्याचे काम इथल्या जुन्या तंत्रज्ञांचे, सगळे ज्यांना काका म्हणतात त्यांचे. काकांनी काढलेला काप पुन्हा काढावा लागत नाही, अशी त्यांची तीस वर्षांची ख्याती. पिशवीची पट्टी मेणात उभी बसवावी लागते, कडेवर. पुस्तक वरून पाहिले तर नुसते मुखपृष्ठ दिसते, कडेने पाहिले तर पाने दिसतात, तसेच हे.

एके दिवशी काकांची धाकटी बहीणच बाटली घेऊन आली. ती शाळेत शिकवते. गाल सुजलेला, पण तोंड काही थांबत नव्हते.

"घे दादा, माझी अक्कलदाढ आणि तिची पिशवी. डॉक्टर टाकूनच देत होते. मी म्हटलं, आमच्या दादाला असल्या वस्तू आवडतात."

"जास्त बोलू नकोस, टाके तुटतील," काका म्हणाले. "उद्या दुपारी ये. साधीच असणार. लिहून घेऊन देतो तुला."

काका हसत होते, पण बहिणीचे नाव बाटलीवर पाहिल्यापासून त्यांचा हात घाईत होता. लवकर 'साधी' हा शब्द मिळावा आणि तिला घरी पाठवावे, एवढेच त्यांच्या मनात. त्या घाईत पट्टी मेणात आडवी पडली.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी माझ्यावर डोळा लावला. पेशी तपासून निदान लिहिणाऱ्या त्या डॉक्टर, वयाने काकांच्या मुलीएवढ्या.

"काका, हा काप कुणी बसवला?"

"मीच. का हो?"

"पट्टी आडवी आहे. अस्तर दिसतच नाहीये."

काका कानापर्यंत लाल झाले. "साधीच असते हो ती, मॅडम. लिहून टाका ना. ती खाली बाकावर बसलीय."

"मी इथे नवीन आले तेव्हा कोण म्हणालं होतं, न दिसलेलं लिहायचं नाही?"

काकांनी मेण पुन्हा वितळवून चिमट्याने पट्टी सोडवली आणि उभी केली. बाटलीत उरलेले सगळे तुकडेही घेतले. बहिणीला म्हणाले, "परवा ये. माझ्याकडून चुकलं."

ठरल्या दिवशी सकाळी सात काचा तयार होत्या. सहा काचांवर अस्तर असे नितळ, की पेशी जणू हात धरून उभ्या होत्या. सातव्या काचेवर अर्ध्यापर्यंत तसेच. मग रांग अचानक जाडावली. पेशी एकमेकींवर चढल्या होत्या, त्यांची केंद्रके मोठी आणि काळपट झाली होती, आणि एका ठिकाणी त्यांची एक बारीक जीभ खालच्या भिंतीत उतरू लागली होती. मोहरीच्या दाण्याहून लहान जागा, पण कर्करोगच! मॅडम उठल्या आणि काका बसले. त्यांच्या श्वासाने माझे भिंग धूसर झाले.

त्याच महिन्यात बहिणीच्या जबड्याचा तेवढा भाग काढला. रोग पुढे कुठेही पसरलेला नव्हता.

याला चार वर्षे झाली. आता पडद्यावर चित्र दाखवणारे नवे यंत्र आले आहे आणि मी प्लास्टिकच्या आवरणाखाली कोपऱ्यात असतो. मागच्या आठवड्यात बहीण वर्षाच्या तपासणीला आली आणि म्हणाली, "दादा, मला माझी ती काच बघायचीय." काकांनी माझे आवरण काढले, धूळ फुंकली, कपाटातून सातवी काच काढली.

"अगं बाई! हे माझं? मला वाटलं, काळंकुट्ट काहीतरी असेल. हे किती सुंदर आहे रे!"

काकांनी काच किंचित सरकवली. "ते चांगलं होतं. आता हे बघ."

तिने माझ्या भिंगाला डोळा आणखी चिकटवला.

"इतकंसं?"

"इतकंसंच होतं," काका म्हणाले. "म्हणून सापडलं तेव्हा तेवढंच काढून भागलं."

मित्रांनो, जबड्यावरची सूज दुखत नसली तरी डॉक्टरांना दाखवा. आतून काढलेली पिशवी, कितीही साधी दिसो, फेकू देऊ नका; तपासायला पाठवा. मला आवरणाखाली ठेवलेत तरी माझी तक्रार नाही. पण कुणीतरी पिशवीची कड नीट पाहिल्यावाचून 'साधी' हा शब्द कागदावर उतरू देऊ नका.