कबूल केलेली कोंबडी

मी एक म्हातारी कोंबडी आहे. मित्रांनो, या क्षणी मंगलीबाईने माझे दोन्ही पंख घट्ट दाबून मला मोहाच्या झाडाखाली धरलं आहे. समोर तिची नात करिश्मा मूठ मिटून बसली आहे. त्या मुठीत तांदूळ आहेत. मी एक दाणा टिपला की माझी मान जाणार. नाही टिपला तर मी घरी परत. मूठ उघडेपर्यंतच मला बोलायला वेळ आहे, म्हणून पाल्हाळ लावत नाही.

माझा जन्म अहेरीच्या पलीकडच्या एका जंगलगावात झाला, चुलीमागच्या बांबूच्या टोपल्यात. घरचे मला गोंडीत नुसतं 'कोर' म्हणतात. कोर म्हणजे कोंबडी. नाव ठेवण्याचे कष्टही कोणी घेतले नाहीत, पण ते असो.

मी तलंग, म्हणजे अजून अंडं न घातलेली कोवळी कोंबडी असताना करिश्माला मोठा ताप आला. तेव्हा ती पाटीवर रेघोट्या ओढण्याएवढी होती. पोर डोळे उघडेना. तिचा आजा इसरू मला उचलून तिच्या उशाशी घेऊन गेला. मला तिच्या अंगावरून ओवाळून तो काहीतरी पुटपुटला आणि विळ्याने माझ्या पायाच्या एका बोटाचं टोक छाटलं. मी जिवाच्या आकांताने ओरडले. पुढे पोरगी बरी झाली आणि माझं बोट तसंच राहिलं.

त्या दिवसापासून माझा थाट बदलला. माझ्या बहिणी अहेरीच्या बाजारात गेल्या. माझी पोरं पाहुण्यांच्या ताटात गेली. माझ्याकडे कोणी बोट दाखवलं की मंगलीबाई म्हणायची, "तिले हात नोका लावू." मला वाटलं, मी लाडकी! मग काय विचारता, मी खुराड्याची पाटलीण झाले. एका लंगड्या पिलाला तर मी दाण्याजवळ फिरकूच दिलं नाही. ते मेलं. मला काही वाटलं नाही. लाडक्यांना कुठे काय वाटतं?

करिश्मा तेवढी मला मनापासून आवडायची. आश्रमशाळेतून सुट्टीत आली की ती तळहातावर दाणे घेऊन बसायची. मी दुसऱ्या कोणाच्या हातचं खात नसे. तिच्या हातात मात्र दाणा आहे की खडा, हेही मी कधी पाहिलं नाही.

यंदा तेंदूपत्त्याच्या दिवसांत माझी अक्कल चरायला गेली. अंगणात पानांचे पुडे बांधायचं काम चाललं होतं. बांधायच्या सालीचे तुकडे जमिनीवर पडले होते. गांडूळ समजून मी ते भराभर गिळले. ते धागे माझ्या गळ्याखालच्या दाण्याच्या पिशवीत एकमेकांत गुंतले. पिशवी दगडासारखी टणक झाली. वरून खाल्लेलं खाली जाईना. चोचीतून आंबूस पाणी गळू लागलं. तरण्या कोंबड्यांनी ते पाहिलं आणि माझ्या डोक्यावर चोची मारून मला कोपऱ्यात घातलं. त्यांना हे शिकवलं कोणी, ते मी सांगायला नको.

मंगलीबाईने आधी पाय धरून मला उलटं केलं आणि पिशवी दाबली. घाण पाणी माझ्या नाकात गेलं, डोळ्यांपुढे अंधारी आली. तेवढ्याने भागेना. मग ती मोहाच्या टोरीचं, म्हणजे बियांचं, तेल कोमट करून चोचीत थेंब थेंब सोडू लागली आणि मला मांडीवर घेऊन अंगठ्याने पिशवी चोळत बसू लागली. दुखायचं, पण मित्रांनो, जन्मात मला कोणी असं मांडीवर घेतलं नव्हतं. मी डोळे मिटून घ्यायचे.

एकदा इसरूने विचारलं, "काऊन एवढी मेहनत करून राह्यली? बुढी कोंबडी होये, मरन त मरन."

मंगलीबाई चोळता चोळता म्हणाली, "मरून कसं चालन? पोरीच्या तापात तुमीच कबूल केली ना देवाले? एक साल तुमचा पाय मोडला, एक साल हे अंड्यावर बसली होती. आता या पंडुमाले देऊनच टाकाची. पोट जाम असन त दाणा कशी टिपन?"

पंडुम म्हणजे पेरणीआधीचा सण. देवापुढे कोंबडीला तांदूळ टाकायचे. तिने टिपले तर देवाला ती मान्य. नाही टिपले तर तिला कापायचं नाही, असा नेम आहे.

मला तेव्हा सगळं उमगलं. छाटलेलं बोट म्हणजे दागिना नव्हता, खूण होती. तुमच्यात म्हण आहे, गरज सरो, वैद्य मरो. माझ्या नशिबी वैद्य धडधाकट राहणार आणि रोगी बरा होऊन मरणार.

करिश्मा दारात उभी होती. तिनेही ऐकलं. "आजी, दुसरी दे ना वो," ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

"तुह्या जिवाच्या बदल्यात हेच कबूल केली. दुसरी देऊन देवाले ठकवाचं का? मले का बरं वाटते का?"

खरंच तिला बरं वाटत नव्हतं. तिचा अंगठा थांबला होता. मग तो पुन्हा चोळू लागला.

हळूहळू धागे सुटले, पिशवी मऊ झाली. आज सकाळी करिश्माने मला घरामागे नेलं आणि ओंजळभर भात पुढे केला. पोट भरलेलं असलं तर मी दाणा टिपणार नाही, असा त्या लेकराचा हिशेब होता. मी चोच खाली नेली, इतक्यात मंगलीबाईने भात उधळून दिला. "आत्ताच त सुधरली हे. पुना जाम होऊन जाईन!" तिने मला टोपल्याखाली उपाशी झाकलं. करिश्मा टोपल्याला तोंड लावून पुटपुटली, "टिपू नोको वो कोर. टिपू नोको."

इथे येताना मी ठरवून आले होते. पुजारी झिंगूने दाणे टाकले असते तर मी मान फिरवली असती. पण तो म्हणाला, "जिच्यासाठी कबूल केली, तिच्याच हातानं टाका." करिश्मा मागे सरली. इसरूने तिला खांद्याला धरून समोर बसवलं.

मित्रांनो, मुक्या जीवाची काळजी घ्या, असं सांगायची आमच्यात रीत आहे. मी तसं सांगणार नाही. माझी फार काळजी घेतली गेली. एवढंच सांगते, ज्याला मांडीवर घ्याल त्याला मांडीवरच राहू द्या. नाहीतर लंगड्या पिलासारखं सरळ कोपऱ्यात मरू द्या.

झिंगू दरडावतो आहे. करिश्माची बोटं एकेक करून उघडतात. तिचे ओठ 'नोको, नोको' म्हणताहेत. मला कळतं आहे. पण मी उपाशी आहे, पोट साफ आहे आणि हा तिचाच हात आहे.

मी टिपला. दाणा सरळ खाली उतरला. कुठेच अडकला नाही.