दुहेरी टाका

शिंप्याची बायको आणि तिच्या पोटातलं सात महिन्यांचं बाळ, दोघंही गेल्याचं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, त्या सकाळीही त्याच्या दुकानासमोर फुंकरबाबाच्या दारात गरोदर बायकांची रांग होतीच. कंबर धरून वाकत आलेली बाई तासाभरात ताठ चालत जायची. असा चमत्कार कोण सोडणार?

बाबा औषधाच्या लहान कापडी पिशवीवर फुंकर मारायचा. "गरम पाण्यात बुडवा, पाणी प्या, कंबर विसरा! पण पिशवी उघडलीत की गुण उडाला!"

पूड भरलेल्या, तोंड बांधलेल्या पिशव्या शिंप्याकडे यायच्या. तो वरून दुहेरी टाका मारायचा. आत कधी डोकावला नाही. बायकोसाठी गुडघ्यांत ठेवायची उशी शिवायला घेतली होती, तीही पिशवीचा गुण आल्यावर अर्धी सोडली.

"जठरात रक्तस्राव झाला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कंबरेसाठी काय घेत होती?"

घरी येऊन त्यानं उरलेली पिशवी उसवली. पांढरी पूड, आणि तिच्यात गोळीचा एक तुकडा, मधली रेघ शाबूत. डॉक्टरीणबाईंनी करून घेतलेल्या तपासणीत निघालं: कुटलेल्या वेदनाशामक गोळ्या आणि स्टिरॉइड. आईच्या जठरात जखम करणारं, बाळालाही घातक.

आठवड्यानं रांगेत त्याला मेहुणी दिसली. सहावा महिना. त्यानं तिला अडवलं.

"ताईचं दुखणं वेगळं होतं, भावजी. मला गुण आलाय. उगाच अडवू नका."

तिच्या हातातल्या पिशवीवरचे टाके त्याचेच होते. दुकानात जाऊन त्यानं एका पिशवीत पीठ भरलं, शिवलं आणि बाबापुढे धरलं.

"यात नुसतं पीठ आहे. फुंकर मारा, हिची कंबरदुखी थांबवा."

"पिठानं कंबरदुखी थांबते होय रे, वेड्या? माझीच पूड लागते!"

"मग फुंकर कशाला वाया घालवता?"

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं.

"बायको गेल्यापासून डोकं फिरलंय याचं!" बाबा ओरडला.

"फिरलं खरं. पण उशिरा फिरलं," शिंपी म्हणाला, आणि मेहुणीच्या हातातली पिशवी त्यानं सगळ्यांसमोर कात्रीनं उसवली. तिनं पुडीत बोट फिरवलं, तसा रेघेचा तुकडा वर आला.

"अगंबाई, ही तर गोळी!"

तो तिला थेट दवाखान्यात घेऊन गेला. "किती दिवस घेतलीस, आधी ते सांग," डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मग तपासून म्हणाल्या, "कुशीवर झोप, गुडघ्यांत उशी घे, कोमट शेक, झेपेल तेवढा व्यायाम. गोळी लागलीच तर पॅरासिटामॉल, तीही मला विचारून. अंगावरून रक्त गेलं, ताप आला, लघवीला जळजळ झाली, तर लगेच ये."

ती उशी शिंप्यानं त्याच दिवशी पुरी केली आणि मेहुणीला दिली.

गुण आला की आधी विचारा, कशानं आला. आणि जे औषध उघडून बघायला मनाई आहे, ते घोटभरही घेऊ नका.

बाबा दाराला कुलूप लावून पसार झाला. शिंप्यानं घरोघरी गेलेल्या चाळीस पिशव्या शिवल्या होत्या. तेवीस परत आल्या. सतरा अजून बाहेर आहेत, आणि ती घरं त्याला माहीत नाहीत.