डोळ्यांवरचे हात

माझा नवरा रतन टेनिसचा लाइन अम्पायर होता. म्हणजे रेषेच्या मागे उभं राहून चेंडू आत पडला की बाहेर, ते सांगणारा. जगातले मोठे खेळाडू वर्षभर या देशातून त्या देशात हाणामारी करत फिरतात, आणि त्यांच्या मागे हा वाकोल्याच्या चाळीतून कडक इस्त्रीचे कपडे घेऊन जायचा. लोकांना हा सभ्य माणसांचा खेळ वाटतो. डोंबलाचा सभ्य! एकदा विम्बल्डनला सर्व्हिसच्या एका चेंडूने रतनच्या गालाचं हाड मोडलं. आणखी कुठेतरी हरलेल्या खेळाडूने रॅकेट आपटली, तिचा तुकडा याच्या कपाळात घुसला. रक्त डोळ्यात उतरलं तरी हा जागचा हलला नाही. लाइनवरचा माणूस हलत नसतो म्हणे. मी फोनवर त्याला मनसोक्त शिव्या घातल्या होत्या.

त्या कामात हातांनी बोलायचं असतं. चेंडू बाहेर गेला की हात बाजूला सरळ. आत पडला की दोन्ही पंजे जमिनीकडे. आणि मध्ये कोणी आल्यामुळे दिसलंच नाही, तर दोन्ही हात डोळ्यांवर. "हे तिसरं मी आयुष्यात कधी केलं नाही," असं तो आल्यागेल्याला सांगायचा. ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

मग कॅमेरे आले. एकेका स्पर्धेतून माणसं गेली, शेवटी विम्बल्डनमधूनही गेली. रतन घरी बसला. टीव्हीवर मशीनच्या आधी "आऊट" ओरडायचा आणि माझ्याकडे बघायचा. मी भाजी निवडत "वा" म्हणायचे.

त्या जानेवारीत मेलबर्नची स्पर्धा चालू होती. दुपारी गल्लीत आरडाओरडा झाला म्हणून आम्ही दोघं गॅलरीत आलो. खाली भाऊ मिथुनला मारत होता. भाऊ म्हणजे गल्लीतल्या पार्किंगचा स्वतःच झालेला मालक. मिथुन आमच्या तळमजल्यावरच्या सोनूबाईंचा एकुलता एक, घरोघरी जेवणाची पार्सलं पोचवणारा. त्याने भाऊच्या जागेत स्कूटर लावली होती, एवढंच. आधी थोबाडीत बसल्या, मग लाथा. मिथुन कसाबसा उठला आणि म्हणाला, "रस्ता काय तुझ्या बापाचा आहे काय रे?"

भाऊने फुटपाथवरचा पेव्हर ब्लॉक उचलला आणि त्याच्या डोक्यात घातला. तो पडल्यावर पुन्हा घातला. नारळ फुटावा तसा आवाज झाला. मी आजही नारळ फोडत नाही.

जगभर कॅमेऱ्यांनी रतनची जागा घेतली होती, पण आमच्या गल्लीतल्या कॅमेऱ्याची वायर भाऊच्या टोळीतल्या पोरांनी कधीच कापली होती. समोरच्या सगळ्या खिडक्या बंद झाल्या. मिथुन हॉस्पिटलातून परत आला नाही. पोलिसांना जबाब दिला तो एकट्या रतनने. "बायको आत स्वयंपाकघरात होती," हेही त्यानेच लिहून दिलं. मला बोलू दिलं नाही.

उन्हाळ्यात, लाल मातीवरच्या स्पर्धा सुरू झाल्या तेव्हा, भाऊच्या पोरांनी रतनला दूध आणताना धरलं. एका बंद दुकानाचं शटर अर्धं वर केलं, त्याचा उजवा पंजा खाली ठेवला आणि शटर आपटलं. मग परत वर केलं आणि परत आपटलं.

"पुढच्या टायमाला तुझ्या बाईचा हात," एकाने सांगितलं.

प्लास्टर घालताना रतनने हे मला सांगितलं.

"तरी साक्ष देणारेस?" मी विचारलं.

"देणार."

"दे मग. माझी काळजी करू नकोस," मी म्हणाले.

त्यानंतर टीव्हीसमोर बसायचा, पण "आऊट" म्हणायचा नाही.

केस दिंडोशीच्या कोर्टात उभी राहिली पुढच्या वर्षी, विम्बल्डनच्या आठवड्यात. सकाळी सोनूबाई आमच्या दारात आल्या. "रतन, तूच एक आहेस रे बाबा," एवढंच म्हणाल्या. कोर्टात त्या माझा हात धरून बसल्या. आरोपीच्या पिंजऱ्यात भाऊ उभा होता, मागच्या बाकावर त्याची पोरं होती. त्यातला एक माझ्या मनगटाकडे बघून हसला. साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून रतनने ते बघितलं.

सरकारी वकिलांनी विचारलं, "मिथुनला कोणी मारलं?"

रतनने दोन्ही हात उचलले आणि डोळ्यांवर ठेवले.

"तोंडाने सांगा," वकील म्हणाले.

"मला दिसलं नाही."

उजव्या हाताची बोटं आता नीट जुळत नाहीत. त्या फटीतून तो माझ्याकडेच बघत होता. सोनूबाईंचा हात माझ्या हातातून गळून पडला.

मला त्याला मिठी मारावीशी वाटली आणि एक सणसणीत ठेवून द्यावीशीही वाटली. माझ्या एका हातासाठी या माणसाने आपले डोळे देऊन टाकले होते. मला नको होता असला हात.

मी उभी राहिले.

"साहेब, मी चेतना, यांची बायको. मी स्वयंपाकघरात नव्हते. गॅलरीत यांच्या शेजारीच होते."

न्यायाधीशांनी मला खाली बसायला सांगितलं. मी बसले नाही. हात खांद्यापासून बोटापर्यंत सरळ केला, भाऊच्या दिशेने.

"ह्याने मारलं. ब्लॉकने. दोनदा."

मागे बाक करकरलं, पोरं उठली असावीत. मी वळून बघितलं नाही. समोर, रक्त डोळ्यात उतरलं तरी न हललेला माझा नवरा पिंजऱ्याचा कठडा धरून थरथरत होता.