तिसरी रेघ

साल होतं एकोणीसशे अडुसष्ट. त्या वर्षी मावशीच्या थोरल्या बहिणीच्या मुलीचं लग्न ठरलं, आणि पुढं काय झालं ते घरात कुणीच कधी विसरलं नाही.

मावशी तेव्हा चाळिशीला टेकली होती. वापरलेली घड्याळं आणि जुने दागिने घेणाऱ्या-विकणाऱ्या एका दुकानात ती कामाला होती. शिंपी आणि चांभार यांच्यामध्ये अंग चोरून उभं असलेलं दुकान. मालकाच्या उजव्या डोळ्याला भिंग इतकं चिकटलेलं असायचं, की ते काढलं तरी भोवती गोल वळ राहायचा. सगळे त्यांना भिंगकाका म्हणत. ते पुढं, आणि मावशी मागं पडद्याआड. साबणाच्या पाण्यात बुडवून ब्रशनं दागिने घासायचे, मोत्यांच्या माळा नव्यानं ओवायच्या, प्रत्येक मोत्यामागं एक गाठ. म्हणजे सर तुटला तरी एकच मोती निसटतो.

दुकानाचा एक नियम होता. विकणाऱ्याला का विकतोस विचारायचं नाही, घेणाऱ्याला कुणाचं होतं ते सांगायचं नाही. नवरा गेल्यावर मावशी आपल्या बांगड्या घेऊन इथंच आली होती. काकांनी चकार शब्द विचारला नव्हता. आठवड्यानं त्यांनी तिला काम दिलं. त्यामुळं तो नियम तिनं काळजाशी धरलेला.

शिवाय काकांची एक पद्धत होती. घड्याळ दुकानातून गेलं, की मागच्या झाकणाच्या आत सुईनं एक बारीक उभी रेघ ओढायची. परत आलं, की त्याच रेघेवर आडवी मारायची. वहीला वाळवी लागते, काका म्हणत, झाकणाला नाही लागत.

थोरलीला या नोकरीची लाज वाटायची. "लोकांच्या मढ्यावरच्या वस्तू घासतेस," असं तोंडावर म्हणायची. जावई ठरला, तेव्हा तिनं त्याला सांगून टाकलं की धाकटी घरीच असते. जावई म्हणजे औषधं विकत गावोगाव फिरणारा माणूस, नाकासमोर चालणारा, गोड बोलणारा. फिरतीमुळं लग्न राहून गेलं म्हणाला. मावशीनं त्याला अजून पाहिलंही नव्हतं.

एका मंगळवारी भाची दुकानाच्या मागच्या दारानं आली. रुमालाच्या गाठीत सोन्याचं लहानसं घड्याळ होतं. लंबगोल तबकडी, निळे काटे. जावयानं दिलं होतं. त्याच्या आईचं, वीस वर्षं कपाटात जपलेलं. भाचीच्या हातून ते कपड्यांच्या बादलीत पडलं आणि थांबलं.

"त्यांना कळायच्या आत करून दे, मावशी. ते म्हणालेत, बंद पडलं तर मलाच दे, दुसऱ्याला उघडू द्यायचं नाही."

"रागीट आहे का गं?"

"ओरडत नाहीत. गप्प होतात." भाची हसली, पण हात घड्याळ नसलेल्या मनगटाकडं गेला. "त्यापेक्षा ओरडलेले बरे."

ती गेल्यावर काकांनी झाकण उघडलं. पाणी टिपलं, भिंग लावलं आणि बराच वेळ मान वर केली नाही. मग भिंग मावशीच्या हातात दिलं. आत तीन उभ्या रेघा होत्या. पहिल्या दोन कापलेल्या. तिसरी ताजी, चकचकीत.

वीस वर्षं कपाटात असलेलं घड्याळ सहा वर्षांत तीनदा या दुकानातून गेलं होतं. कुणी नेलं, हे मावशीनं विचारलं नाही, काकांनी सांगितलं नाही. पण ती जन्मात पहिल्यांदा त्यांच्यासमोरून हलली नाही. शेवटी ते भिंतीकडं बघत बोलले, जणू भिंतीलाच सांगत होते.

"दोनदा घेऊन आला, दोनदा म्हणाला, बायको गेली. दुसऱ्या वेळी म्हणाला, विकू नका, ठेवून द्या. पुन्हा लागेल. नेहमीचं गिऱ्हाईक. मी ठेवलं, बाई. शोकेसमध्ये लावलंच नाही."

संध्याकाळी मावशी थोरलीकडं गेली. थोरलीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली की तुझा संसार उधळला म्हणून दुसऱ्याचा बघवत नाही. रेघा म्हणे! सारख्या दिसणाऱ्या घड्याळांची काय वानवा आहे? भाची आईच्या मागं उभी होती. तिनं काही मानलं नाही, पण नाकारलंही नाही.

"मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय," एवढंच ती म्हणाली.

तो शनिवारी दुकानात येणार होता, कानातले बघायला. जुनीच जोडी हवी, असा निरोप होता. सकाळी अकराला भाची पडद्याआड मावशीच्या स्टुलावर बसली. समोर दुरुस्त झालेलं घड्याळ टिकटिकत होतं. मावशीनं ते रुमालाखाली झाकलं, तरी ऐकू येतच होतं.

दाराची घंटी वाजली. तो आला, हवापाण्याचं बोलला, काकांच्या गुडघ्यांची चौकशी केली. मोत्यांची एक जोडी उजेडात धरून छान म्हणाला. भाचीनं मावशीकडं बघून मान हलवली: बघ, किती साधा माणूस आहे.

काकांनी जोडी कागदात गुंडाळायला घेतली. नियम त्यांनी चाळीस वर्षं पाळला होता, त्या दिवशीही मोडला नाही. त्यांनी कुणाचं काही सांगितलं नाही. गिऱ्हाइकाला विचारावं तसं, सहज विचारलं, "ते निळ्या काट्यांचं घड्याळ या वेळीही येईल ना परत? जागा ठेवू का?"

"येईल की." कागदाची घडी तो बोटानं नीट करत होता. "घाई कशाला, काका? वर्ष-दीड वर्ष जाऊ द्या."

मावशीनं भाचीचा हात धरायला हात पुढं केला, तर स्टूल रिकामं होतं. पडदा सरकला होता. भाचीनं रुमालासकट घड्याळ काउंटरवर ठेवलं.

"आत्ताच घ्या परत," ती म्हणाली. "दीड वर्ष कशाला थांबायचं?"

तो ओरडला नाही. गप्प झाला. बाहेर शिंप्याचं मशीन चालू होतं, ते थांबलं, पुन्हा सुरू झालं. त्यानं घड्याळ उचलून कानाला लावलं, चालतंय याची खात्री केली आणि खिशात टाकलं. कानातले तसेच राहिले. दारात वळून त्यानं पहिल्यांदा मावशीकडं पाहिलं.

"तुम्ही घरी असता, असं तुमच्या ताई म्हणाल्या होत्या," तो म्हणाला, आणि दार हळू लावून गेला.

त्याच दुपारी काका चौकीवर गेले. रेघांवरून कुणाला धरायचं, असं तिथल्या फौजदारानं हसत विचारलं. माणसं पाठवली, तेव्हा त्याच्या खोलीला कुलूप होतं. औषधकंपनीला त्यानं दोन ओळींत राजीनामा कळवला होता. त्याला पुन्हा कुणी पाहिलं नाही.

थोरली वर्षभर धाकटीशी बोलली नाही. मग एकदा डबा घेऊन दुकानात आली, पडद्याआड बसून जेवली, आणि नंतर दर शनिवारी येत राहिली. भाची टेलिफोन खात्यात लागली. चौतिसाव्या वर्षी तिनं एका छापखानेवाल्याशी लग्न केलं. दोन मुलं झाली, संसार बरा झाला. मनगटावर घड्याळ तिनं कधी बांधलं नाही. वेळ रस्त्यातल्या माणसांना विचारायची. काकांनी मात्र त्या दिवसापासून प्रत्येकाला विचारायला सुरुवात केली: कुणाचं, का विकता. गिऱ्हाईक तुटलं. तरी ते विचारत राहिले, मरेपर्यंत. दुकान आणि भिंग ते मावशीला देऊन गेले.

ते जायच्या आदल्या वर्षी, म्हणजे पंचाहत्तर साली, लांबच्या गावातल्या एका घड्याळजीचं दुकान मोडलं आणि त्याचा उरलेला माल पेटीतून आला. तळाशी निळे काटे होते. झाकण मावशीनं उघडलं. त्या परक्या घड्याळजीलाही हीच सवय असावी. काकांच्या तीन रेघांखाली दुसऱ्या हातानं ओढलेली चौथी होती, कापलेली.

मावशीला झोपेत कुणीतरी विचारायचं, तुझी भाची वाचली, मग माझं काय? त्या बाईला चेहरा नसायचा.

घड्याळ तिनं विकलं नाही, फोडलंही नाही. चावी न देता ड्रॉवरमध्ये ठेवलं. म्हातारपणी कधीतरी ती भिंग लावून झाकण उघडायची. चार रेघांपैकी तीन कापलेल्या. तिसरी तेवढी सरळ उभी होती. तिच्यावरून बोट फिरवून ती झाकण लावून टाकायची.