एक्केचाळीस झाडं ठणठणीत

“ऊठ जरा. टोपली बी उचल,” गुरुलिंग म्हणाला.

“का? आता सावलीत बसायला बी बंदी व्हय, अण्णा?” चंद्रव्वानं विचारलं.

सोसायटीच्या फाटकाशी असलेल्या गुलमोहराखाली ती नऊ वर्षं कडक भाकरी आणि शेंगाची चटणी विकायला बसत होती. तिला तिथून उठवणं भल्याभल्यांना जमलं नव्हतं. आज मात्र गुरुलिंगचा चेहरा बघून ती मुकाट्यानं उठली.

गुरुलिंगच्या हातात लाकडी मोगरी होती. “मी वाजिवतो, तू निस्तं ऐक. पयला ह्यो लिंब.” त्यानं शेजारच्या लिंबाच्या खोडावर तीनदा ठोकलं. मग गुलमोहरावर तीनदा. “सांग, दोनीत काय फरक हाय?”

“परीक्षा घ्यायलाय व्हय माजी?” ती हसली. पण तो हसला नाही, तेव्हा तिनं नीट सांगितलं. “लिंब टणटण वाजला. ह्यो ढबढब. रिकाम्या डब्यावानी. तुमी तर ह्यातले डॉक्टर, मला का इचारताय?”

गुरुलिंगला दोन्ही सारखेच ऐकू आले होते.

मैंदर्गीहून आलेला गुरुलिंग बावीस वर्षं या सोसायटीचा माळी होता. पंपाशेजारची खोली त्याला राहायला दिलेली. बायको गेल्यापासून खोलीत तो एकटा आणि बाहेर एक्केचाळीस झाडं. दर वर्षी पंधरा ऑगस्टच्या आधी सगळ्या खोडांना गेरू आणि चुन्याचे पट्टे मारायची इथली रीत. सोसायटीला त्याचं कौतुक. गुरुलिंगला त्याची धास्ती. कारण एकदा रंग चढला की खोडाचं दुखणं झाकलं जातं. खोडकिड्याच्या भोकातून सांडणारा भुसा, सालीवर चढलेली वाळवीची माती, पाझरणारा डिंक, सगळं गेरूखाली गुडूप. म्हणून त्याचा नेम होता: आधी डोळ्यांनी बघायचं, मग मोगरीनं ठोकून ऐकायचं, आणि मगच कुंचला हातात घ्यायचा.

फांदी छाटली की जखमेवर मोरचूद-चुन्याचा लेप लावल्याशिवाय तो जेवत नसे. एका झाडाची करवत पुसल्याशिवाय दुसऱ्याला लावत नसे. एकाचा रोग दुसऱ्याला का द्यायचा? ताडपत्रीसाठी चंद्रव्वानं गुलमोहरात खिळा ठोकला, तेव्हा तो तिच्याशी दोन दिवस बोलला नव्हता. चार वर्षांपूर्वी फरशीचे ब्लॉक थेट खोडाला भिडवून बसवले, तेव्हा “झाडाचा गळा आवळू नका, हातभर जागा सोडा” म्हणून त्यानं परोपरीनं सांगितलं. कमिटीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि ब्लॉक बसवले.

यंदा त्यानं एक्केचाळीस झाडं ठोकली आणि एकही पोकळ लागलं नाही. सेक्रेटरी अनिलकुमार सरांनी फलकावर लिहिलंसुद्धा, ‘आपल्या सोसायटीची एक्केचाळीस झाडं ठणठणीत.’ बिचारा गुरुलिंग दोन दिवस खुशीत होता. त्याला वाटलं, लेपाला गुण आला.

आणि महिन्याभरानंतर, आज सकाळी झाडताना गुलमोहराच्या बुडाशी, ब्लॉकच्या फटीतून, ताटलीएवढं भूछत्र बाहेर आलेलं दिसलं. तपकिरी, लाकडासारखं टणक, कडेला पांढरं. त्यानं ते बाजूला सारून अंगठा दाबला, तर अंगठा खोडात रुतला. भूछत्र दोन आठवड्यांचं असेल, पण आतलं कुजणं काही वर्षांचं होतं. म्हणजे ऑगस्टमध्ये हे झाड पोकळच होतं आणि ते त्यानं स्वतः ठोकून पाहिलं होतं.

“लई दिस झाले व्हय?” चंद्रव्वानं त्याच्या कानाशी येऊन विचारलं. तिला न सांगता कळलं होतं.

“वरीस झालं आसंल.”

कान गेल्याचा वर्षभर त्यानं कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. नातेपुत्याहून ऋतुजाचा, त्याच्या मुलीचा फोन आला की तोच बोलत सुटायचा, “जेवलीस का? पोरं बरी हायत का?” आणि उत्तर कळलं नाही की “आवाज कट व्हायलाय” म्हणून फोन ठेवायचा. रोज येणारा फोन आता आठवड्यातून एकदा येऊ लागला. चहाच्या टपरीवर तो इतरांची तोंडं बघून हसायचा. हळूहळू त्यानं तिकडं जाणंही सोडलं. चंद्रव्वाचा आवाजच मुळात चार घरं ऐकू जाणारा, त्यामुळे दिवसभरात खरं बोलणं व्हायचं ते तिच्याशीच.

“भूछत्र दावा आन् म्हना, झाड गेलंय. कानाचं कोन इचारतंय?” चंद्रव्वा म्हणाली.

हे त्यालाही सकाळपासून सुचत होतं. कान गेले असं सांगितलं तर माळीकाम जाणार, पंपाची खोली जाणार. मग नातेपुत्याला जावयाच्या घरी, एका कोपऱ्यात, कुणाचंच काही न कळता बसून राहायचं. त्याला त्याची फार भीती वाटत होती.

“पर बाकीची चाळीस बी ह्याच कानानं ऐकल्यात की,” तो म्हणाला. “चल माज्यासंगं.”

टोपली फाटकात ठेवून ती निघाली. तो ठोकायचा, ती सांगायची. टणटण. टणटण. ती ‘टणटण’ म्हणाली की त्याला बरं वाटायचं आणि लगेच पुढच्या झाडाची धास्ती वाटायची. मागच्या बाजूच्या शिरीषापाशी ती थांबली. “परत वाजवा.” त्यानं पुन्हा ठोकलं. “ह्यो बी तसाच हाय, अण्णा.”

शिरीषाखाली बाक होता. संध्याकाळी तिथं सात-आठ म्हातारी माणसं बसत. गुरुलिंगनं बाक ओढून लांब नेला, दोन्ही झाडांभोवती लांबून दोर बांधला आणि तसाच अनिलकुमार सरांच्या दारात गेला.

सरांनी त्याचं बोलणं ऐकून चष्मा काढला. मान खाली घालून ते काहीतरी बोलले.

एरवी गुरुलिंग “व्हय, व्हय” म्हणाला असता. आज तो म्हणाला, “सर, मोठ्यानं बोला. मला ऐकू येत न्हाय.”

हे वाक्य त्यानं याआधी कधीच उच्चारलं नव्हतं.

“म्हणजे?” सरांनी मान वर केली.

“कानात सारखी मोटर चालल्यावानी गुणगुण आसती. दुसरं कमीच कळतं. आगस्टात मी सगळी झाडं ठोकली, पर मला ऐकूच आलं न्हाय. मी खोटं सांगितलं आसं न्हाय, पर ते खरं बी नव्हतं. फलकावरचं पुसा. आन् चांगल्या कानाचा मानूस बगा.”

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. माणूस चांगला होता. मग ते उठून जवळ आले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करत म्हणाले, “गुरुलिंग, दिवाळीपर्यंत रहा. मग मुलीकडे जा. तिला मी फोन करून नीट सांगतो.”

या वेळी गुरुलिंगला सगळं ऐकू आलं.

कापायची परवानगी यायला बारा दिवस लागले. तेवढे दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दोराच्या बाहेर ठेवत राहिला. चंद्रव्वाला त्यानं लिंबाखाली बसवलं. नवा माळी एकदा बघून गेला. त्याला गुरुलिंगनं मोरचूद आणि चुना किती-किती घ्यायचा ते करून दाखवलं. त्या माळ्यानं काय विचारलं ते मात्र गुरुलिंगला कळलं नाही.

गुलमोहर कापायला माणसं आली, तेव्हा अर्धी सोसायटी फाटकाशी जमली. वरच्या फांद्या दोरानं उतरवल्या आणि यंत्राची करवत बुंध्याला लागली. सगळ्यांनी कानांवर हात दाबून धरले. गुरुलिंग एकटा हात खाली सोडून उभा होता. पट्ट्यांचा गेरू उडाला आणि त्यामागून ओला, काळपट चुरा भसाभसा बाहेर पडला. त्या खोडात लाकूड असं उरलंच नव्हतं.

बुंधा दोरावर तोलून हळूच आडवा झाला. गुरुलिंगच्या कानातली गुणगुण चालूच होती. करवत थांबली हे त्याला समजलं, ते लोकांनी कानांवरचे हात काढले तेव्हा.